‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ अशी वॉर्निंग आली तर ब्राउझरमध्ये काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी कर सल्ल्याचं ऑफिस आहे आणि तीन मशीन आहेत. पहिलं म्हणजे विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप. त्याच्यावर जवळजवळ प्रत्येक साइट उघडताना ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येत होतं, आणि तेही रोज नाही, अधूनमधून. दुसऱ्या मशीनवर बाकी सगळं नीट चालतं, पण जीएसटी पोर्टलवर डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटने, सही करायला गेलं की सर्व्हरशी कनेक्शन झालं नाही, एमसायनर (सही करून देणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करा, असा मेसेज येतो. तिसरा लॅपटॉप मुलगा हॉस्टेलवर वापरतो आणि तिथलं वाय-फाय चालण्यासाठी कॉलेज एक सर्टिफिकेट (ओळख पटवणारा डिजिटल दाखला) टाकायला सांगतंय. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याने डेस्कटॉपवर इंटरनेट ऑप्शन्समधली सिक्युरिटी ‘लो’ केली, अँटिव्हायरस बंद केला आणि क्रोमच्या शॉर्टकटमध्ये काहीतरी लिहून दिलं. वॉर्निंग गेली, पण आता क्रोम उघडताना वरती एक पिवळी पट्टी दिसते. हेच बाकीच्या दोन मशीनवर करायचं का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. आणि डेस्कटॉपवर केलेलंही आजच काढून टाका. तालुक्याच्या ठिकाणची ऑफिसं, पतसंस्था आणि सेवा केंद्रं यांची मशीन सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. अशा तक्रारींत खरा दोष ब्राउझरच्या सेटिंगमध्ये क्वचितच सापडतो. तो घड्याळात असतो, जुन्या सिस्टिममध्ये असतो, नेटवर्कमध्ये असतो किंवा त्या साइटवाल्यांकडेच असतो. सिक्युरिटी ‘लो’ करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जिथे खरोखर ब्राउझरमध्येच बदल करावा लागतो, तिथे तो एका साइटपुरता करायचा, कारण समजून करायचा आणि परत काढता येईल असा करायचा.

सुरुवात पिवळ्या पट्टीपासून, कारण सगळ्यात धोकादायक गोष्ट तीच आहे. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, शॉर्टकट टॅबमध्ये ‘टार्गेट’ची चौकट बघा. ती ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्ह इथे संपली पाहिजे. तुमच्याकडे त्यापुढे एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘इग्नोर सर्टिफिकेट एरर्स’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असणार. तेवढा भाग खोडून अप्लाय करा. खाली टास्कबारवर पिन केलेला आयकॉन वेगळा शॉर्टकट असतो, म्हणून तोही तपासा. मग क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा, पट्टी गेलेली दिसेल. वॉर्निंग परत येईल, आणि ती यायलाच हवी. त्या ओळीमुळे क्रोम कुठल्याच साइटचं सर्टिफिकेट तपासत नव्हता. वाटेत कुणी तुमच्या बँकेचं बनावट पान पुढे केलं असतं, तरी ते बिनतक्रार उघडलं असतं. तुमच्या ऑफिसात अशिलांचे पॅन, जीएसटीचे पासवर्ड आणि डीएससी हाताळल्या जातात. ज्या काळात ती ओळ होती, त्या काळात या मशीनवरून वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या चांगल्या मशीनवरून बदलून घ्या. तुमच्या बाबतीत काही घडलंच असेल असं मी म्हणत नाही, पण खबरदारी म्हणून एवढं कराच.

यूट्यूबवर आणखी एक युक्ती फिरते. वॉर्निंगच्या पानावर कर्सर कुठेही ठेवून एक ठराविक शब्द टाइप केला की पान उघडतं. ती सोय स्वतःच्या सर्व्हरवर चाचणी घेणाऱ्या डेव्हलपरसाठी आहे. ऑफिसातल्या मुलांना ती शिकवू नका.

इंटरनेट ऑप्शन्समधली सिक्युरिटीची सरकपट्टी ‘मीडियम-हाय’वर परत न्या. ‘रीसेट ऑल झोन्स टू डीफॉल्ट लेव्हल’ हे बटण दाबलं की काम होतं. त्या पट्टीमुळे क्रोम-फायरफॉक्समधली सर्टिफिकेटची वॉर्निंग जातच नाही. ती मुळात इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातली आहे. म्हणजे ‘लो’ करून फायदा काहीच झाला नाही, फक्त जुन्या पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रामना रान मोकळं झालं. अँटिव्हायरसही लगेच चालू करा.

आता खरं कारण शोधू. कुठलीही सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर मुख्यतः तीन गोष्टी बघतो. सर्टिफिकेटवरचं नाव पत्त्याशी जुळतं का, आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का, आणि ते देणारी संस्था ब्राउझरच्या विश्वासातल्या यादीत आहे का. यातलं काय बिनसलं, ते वॉर्निंगच्या पानावरच बारीक राखाडी अक्षरांत लिहिलेलं असतं. शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेचा घोळ, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर नावाचा, ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर देणाऱ्याचा. लोक मला लाल त्रिकोणाचा फोटो पाठवतात आणि नेमकी ही ओळ कापली गेलेली असते. तिच्याशिवाय केलेलं निदान म्हणजे अंदाज.

त्याच्या जोडीला एक छोटी चाचणी करा. तीच साइट मोबाइल डेटावर फोनमध्ये उघडा. फोनवरही तीच वॉर्निंग आली तर दोष बहुधा साइटचा आहे, तुमच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. फोनवर उघडली तर त्याच फोनचा हॉटस्पॉट मशीनला जोडून बघा. हॉटस्पॉटवर वॉर्निंग गेली तर ऑफिसचं नेटवर्क किंवा राउटर तपासायचा. तरीही राहिली तर मशीन. पाच मिनिटांत चौकशीची दिशा ठरते.

तुमच्या डेस्कटॉपचं लक्षण, सगळ्या साइट्सवर पण अधूनमधून, हे घड्याळाचं लक्षण आहे. उजव्या कोपऱ्यातली वेळ पाहून समाधान मानू नका, तिथे क्लिक करून वर्ष बघा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन नुसतं शटडाऊन केलं तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालतं. पण ऑफिस बंद करताना बोर्डवरचं मेन बटण काढलं, किंवा भारनियमनात लाइट तासन्‌तास गेली, की घड्याळ फक्त त्या सेलवर असतं. सेल संपलेला असेल तर सकाळी तारीख बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) जन्मवर्षावर जाते, समजा २००९. ब्राउझरच्या लेखी मग आजचं प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यकाळातलं ठरतं. क्रोम अनेकदा स्पष्ट सांगतोही की तुमचं घड्याळ मागे आहे. आणखी एक खूण आहे. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा तारीख-वेळ सेट नाही असा मेसेज येतो आणि पुढे जायला एफ१ दाबायला लागतं. कितीतरी ऑफिसांत रोज सकाळी एफ१ दाबणं हा मशीन चालू करण्याचाच भाग झालेला असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सेल बदला, किरकोळ खर्चाचं काम आहे. बदलताना प्लग काढलेला हवा. त्यानंतर तारीख, महिना, वर्ष आधी हाताने बरोबर लावा आणि मगच इंटरनेट टाइमशी जुळवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. घड्याळ १५ तासांहून जास्त चुकलेलं असेल तर घरगुती किंवा छोट्या ऑफिसातलं विंडोज ते सहसा आपोआप सुधारत नाही, फरक फार मोठा आहे म्हणून सोडून देतं. टाइम झोन भारताचाच, म्हणजे अधिक साडेपाच तासांचा आहे ना, तेही पाहा. झोन अमेरिकेचा आणि काटे मात्र हाताने आपल्या वेळेवर आणलेले, अशीही मशीन सापडतात. वरून वेळ बरोबर दिसते, आतून बारा-तेरा तास चुकलेली असते. मुदत काही तासांत संपणारं सर्टिफिकेट असेल, तर तेवढ्याने ते अडतं.

घड्याळ नीट झाल्यावर डेस्कटॉपवरच्या बहुतेक वॉर्निंग जातील, पण सगळ्या कदाचित जाणार नाहीत. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची. विश्वासातल्या संस्थांची यादी काळानुसार बदलत असते. जुनी मूळ सर्टिफिकेटं, म्हणजे ज्यांच्या आधाराने बाकीची ओळखली जातात ती, मुदत संपून बाहेर जातात, नवी आत येतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं. लेट्स एनक्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं जुन्या उपकरणांवर त्याच्याच आधाराने ओळखली जात होती. त्या दिवसापासून जगभरच्या जुन्या मशीनवर एरवी धडधाकट असलेल्या साइट्सवर सर्टिफिकेटची वॉर्निंग दिसू लागली. नेटचा डेटा वाचवायला विंडोज अपडेट बंद करून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ही यादीही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सर्व्हरवरूनच येते, त्यामुळे अपडेटबरोबर तीही अडून बसू शकते. तात्पुरता मार्ग म्हणजे फायरफॉक्स. तो स्वतःची यादी स्वतःबरोबर बाळगतो आणि मोझिलाने विंडोज ७ साठी ११५ ही मालिका इतर ब्राउझरांपेक्षा बराच जास्त काळ चालवली. पण माझं स्पष्ट मत असं की ज्या मशीनवरून तुम्ही अशिलांची रिटर्न भरता, ते विंडोज ७ वर ठेवू नका. त्यावर टॅलीचा जुना डेटा बघा, प्रिंट काढा, पण इंटरनेट आणि बँक नको. नवीन घेताना हेही लक्षात घ्या की विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

घड्याळ बरोबर आहे आणि एकाच साइटवर ‘डेट इनव्हॅलिड’ येतंय, याचा अर्थ त्यांचं सर्टिफिकेट संपलं आणि नूतनीकरण राहिलं. हे पुढे वाढू शकतं. सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. जिथे नूतनीकरण अजून माणसाच्या आठवणीवर चालतं, तिथे ते चुकण्याचे प्रसंग वाढणार. अशा वेळी तुमच्या बाजूने करायचं एकच, थांबायचं किंवा त्यांच्या हेल्पडेस्कला कळवायचं. नुसतं एखादं परिपत्रक वाचायचंय, सर्टिफिकेट कालच संपलेलं आहे आणि नाव बरोबर आहे, तर ‘अॅडव्हान्स्ड’मधून पुढे जाऊन वाचणं मी समजू शकतो. पण तिथे लॉगिन, ओटीपी, पेमेंट किंवा सॉफ्टवेअर डाउनलोड यातलं काहीही करायचं नाही, मग शेवटची तारीख असली तरी. काही साइट्सवर पुढे जायचं बटणच दिसत नाही. त्या साइटने ब्राउझरला आधीच सांगून ठेवलेलं असतं की माझ्याशी बोलणं सुरक्षितच झालं पाहिजे, सवलत नाही. तिथे वाट शोधू नका.

‘कॉमन नेम’ची एरर आली तर आधी पत्ता अक्षरन्‌अक्षर वाचा. कधी पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं किंवा काढलं की साइट उघडते, कारण सर्टिफिकेट दोघांपैकी एकाच नावाचं घेतलेलं असतं. बँकेच्या बाबतीत तर पत्त्याला आता एक ठळक ओळख आली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं. हा पत्ता बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. पतसंस्था म्हणजे बँक नाही, त्यामुळे त्यांचा पत्ता तसा नसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण बँकेच्या नावाने भलत्याच पत्त्यावर लॉगिन मागितलं जात असेल, तर वॉर्निंग आली नाही तरी ते पान बंद करा. सर्टिफिकेट आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, लबाडांनाही मिळतं. म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून तिथे सेटिंगचं चिन्ह ठेवलं. कुलूप दिसलं म्हणजे दुकान प्रामाणिक, असा लोकांचा समज होत होता.

‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ हा सगळ्यात जपून हाताळायचा प्रकार, आणि मुलाच्या हॉस्टेलचा प्रश्न यातच येतो. सर्टिफिकेट उघडून ‘इश्यूड बाय’समोर कुणाचं नाव आहे ते वाचा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून तिथे पोचता येतं. नाव तुमच्या अँटिव्हायरसचं असेल, तर तो सुरक्षित पानं आतून तपासण्यासाठी मध्ये बसलाय आणि त्याची स्वतःची सर्टिफिकेट नीट बसलेली नाही. सगळा अँटिव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये वेब किंवा एचटीटीपीएस स्कॅनिंग असं काहीतरी असतं, तेवढंच बंद करा किंवा तो नव्याने बसवा. नाव फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं असेल आणि तुम्ही स्टेशन, हॉटेल किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर असाल, तर बहुतेक वेळा लॉगिनचं पान मध्ये यायचा प्रयत्न करत असतं. सुरक्षित साइटवर ते येऊ शकत नाही, म्हणून वॉर्निंग दिसते. पत्त्यात ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ टाका. ती साइट मुद्दाम साधी ठेवलेली आहे. लॉगिनचं पान उघडेल, नाव-पासवर्ड टाका आणि बाकीच्या साइट्स सुरू होतील. सेटिंग काहीच बदलावं लागत नाही.

कॉलेज सर्टिफिकेट टाकायला सांगतं ती गोष्ट मात्र वेगळी. ते ‘ट्रस्टेड रूट’मध्ये, म्हणजे विंडोजच्या विश्वासातल्या संस्थांच्या यादीत, टाकलं की कॉलेजच्या फायरवॉलला कुठल्याही साइटच्या नावाचं सर्टिफिकेट तयार करून मुलाच्या लॅपटॉपला पटवता येतं, त्यात बँक आली आणि खासगी ईमेलही आला. कॉलेजचा हेतू चांगला असेल, पण अशी सर्टिफिकेटं बनवणारी गुप्त किल्ली तिथे कोण आणि कशी सांभाळतंय यावर सगळं अवलंबून राहतं. किल्ली मोठ्या संस्थांच्याही हातून निसटलेली आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधली डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी संस्था हॅक झाली. तिच्या नावाने गूगलचं खोटं सर्टिफिकेट बनलं आणि ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. काही आठवड्यांत ती संस्था दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे जुलै २०१४ मध्ये गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत सर्टिफिकेटं एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या नावाने निघाल्याचं गूगलने उघड केलं. भारतात सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या नियंत्रक कार्यालयाने, म्हणजे सीसीएने, लगेच एनआयसीची ती मधली सर्टिफिकेटं रद्द केली. त्या वेळी धोका मुख्यतः विंडोजवरच्या ब्राउझरांना होता, कारण आपली मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. फायरफॉक्सच्या यादीत ती नव्हती, म्हणून तो सुटला. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासून बसवलेलं सुपरफिश सापडलं. जाहिराती दाखवण्यासाठी त्याने स्वतःची मूळ सर्टिफिकेट घातली होती आणि सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच होती. एकाची काढली की सगळ्यांची मिळाली. एक मूळ सर्टिफिकेट आत घेणं किती मोठी गोष्ट आहे, ते यावरून लक्षात येईल.

म्हणून मुलासाठी माझा सल्ला असा. शक्य असेल तर टाकू नये आणि बँकेची कामं मोबाइल डेटावर करावीत. कॉलेजचं नेट त्याशिवाय चालतच नसेल, तर ते विंडोजमध्ये न टाकता फक्त फायरफॉक्समध्ये टाकावं. सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, व्ह्यू सर्टिफिकेट्स, ऑथॉरिटीज, इम्पोर्ट. फायरफॉक्सची ही यादी त्याच्यापुरतीच राहते, क्रोमला आणि विंडोजला तिचा पत्ता लागत नाही. कॉलेजच्या कामाला फायरफॉक्स आणि बाकी सगळ्याला क्रोम, अशी वाटणी ठेवायची. त्यातून हॉस्टेलच्या वाय-फायवर क्रोममध्ये वॉर्निंग आली तर ती खरी समजायची आणि पुढे जायचं नाही. हॉस्टेल सोडताना त्याच यादीतून ते काढून टाकायचं.

आता तुमचं दुसरं मशीन. पुढे जाण्याची परवानगी देणं योग्य असतं अशी जी मोजकी ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक. एमसायनर हा तुमच्याच मशीनवर चालणारा छोटा प्रोग्राम आहे. टोकनमधल्या (पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी उपकरणातल्या) डीएससीपर्यंत ब्राउझर थेट जाऊ शकत नाही, म्हणून जीएसटीचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावर १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर एमसायनरशी बोलतं आणि सही करून घेतं. १२७.०.०.१ म्हणजे स्वतःचंच मशीन, त्यावरची बोलणी वायरीवर बाहेर जातच नाहीत. पण त्याचं सर्टिफिकेट जगन्मान्य संस्थेचं नसतं. ब्राउझर ते नाकारतो, आणि हे सगळं पानाच्या आत घडत असल्यामुळे तुम्हाला वॉर्निंग न दिसता फक्त ‘कनेक्शन झालं नाही’ दिसतं.

टोकन लावा. एमसायनरवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करा. त्याच ब्राउझरमध्ये नव्या टॅबवर https://127.0.0.1:1585 असा पत्ता टाइप करा. वॉर्निंग येईल. पत्ता नेमका तोच आहे याची खात्री करून ‘अॅडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ करा. त्यानंतर जीएसटीचा टॅब रिफ्रेश करून सही करा. क्रोम ही परवानगी साधारण आठवडाभरच लक्षात ठेवतो, त्यामुळे ‘मागच्या महिन्यात चाललं होतं, आता का नाही’ असं झालं तर तेवढंच पुन्हा करायचं. क्रोम १४२ पासून आणखी एक गोष्ट आली आहे. एखादी वेबसाइट तुमच्या मशीनमधल्या किंवा घरातल्या नेटवर्कवरच्या गोष्टींशी बोलू लागली की ब्राउझर आधी विचारतो. जीएसटीच्या पानावर तो प्रश्न आला आणि घाईत कुणी ‘ब्लॉक’ दाबलं, तर सही होणार नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून त्या एका साइटपुरती लोकल नेटवर्कची परवानगी ‘अलाउ’ करा. दुसरी कुठली अनोळखी साइट तेच मागत असेल तर नकार द्या. आणि एमसायनर जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलाच हवा, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल नको.

याच जातीची छोटी कामं बाकीच्या सेटिंगमध्येही असतात. पोर्टलचं चलन नव्या खिडकीत उघडत नसेल तर पॉप-अप त्या एका पत्त्याला चालू करा, सगळ्यांना नाही. जुन्या पद्धतीची एखादी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आहे. पण एजमध्ये ‘आयई मोड’ आहे. त्यात तो पत्ता घातला की ३० दिवसांनी आपोआप यादीतून जातो, आणि मला ही रचना आवडते. एखादी जुनी सवलत कायमची उघडी राहत नाही.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर किंवा आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, त्याचा ब्राउझरशी संबंध नाही. ती अॅडोबी रीडरची स्वतःची यादी आहे. सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट उघडून साखळीच्या वरच्या टोकाला सीसीए इंडिया आहे का बघा आणि रीडरमध्येच विश्वास द्या. त्यासाठी विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’मध्ये काही टाकायची गरज नाही.

पूर्ण लाल पान आलं, फसवी साइट किंवा घातक सॉफ्टवेअर असं सांगणारं, तर ती वॉर्निंग वर सांगितलेल्या प्रकारांपैकी नाही. तिथे सर्टिफिकेट बरोबर असू शकतं, पण ती साइट गूगलच्या सेफ ब्राउझिंगच्या यादीत सापडलेली असते. सेफ ब्राउझिंग बंद करू नका, निदान ‘स्टँडर्ड’वर ठेवा. तुमच्या स्वतःच्या फर्मच्या साइटवर असं आलं तर साइट हॅक झाली असावी. ती साफ करून गूगलच्या सर्च कन्सोलमधून पुनर्तपासणी मागावी लागते. पैसे गेल्याचं लक्षात आलं, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मशीनचं नंतर बघा.

एवढं झाल्यावर तिन्ही मशीनवर, प्रत्येक ब्राउझरमध्ये, एक तपासणी करा. ‘एक्स्पायर्ड डॉट बॅडएसएसएल डॉट कॉम’ हा पत्ता उघडा. चाचणीसाठी मुद्दाम मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावून ठेवलेली ही साइट आहे. ‘एक्स्पायर्ड’च्या जागी ‘सेल्फ-साइन्ड’ टाकून दुसरी चाचणीही घ्या, मधली आडवी रेघ विसरू नका. दोन्हीकडे वॉर्निंग आली पाहिजे. एखाद्या मशीनवर पान बिनबोभाट उघडलं, तर शॉर्टकटमधली ती ओळ कुठेतरी शिल्लक आहे किंवा मध्ये कुणीतरी बसलेलं आहे. तसं झालं तर मला तीन गोष्टी कळवा: राखाडी अक्षरांतला पूर्ण कोड, ‘इश्यूड बाय’समोरचं नाव, आणि त्या वेळी मशीनवर दिसणारी तारीख, वर्षासकट.